पुढचा दात गेल्यावर शेजारचे दात न घासता काय करता येते

वर्धा मार्गावर गाडी घसरली आणि माझ्या वरच्या जबड्यातील, मधल्या दाताला लागून असलेली उजवी पटाशी मुळापर्यंत उभी चिरली. तो दात वाचण्यासारखा नव्हता, म्हणून काढावा लागला. दोन आठवड्यांनी एका दवाखान्यात मला सांगण्यात आले, "ताई, दोन्ही बाजूंचे दात घासून तीन दातांचा ब्रिज बसवून देतो, आठ दिवसांत काम होईल." ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांचा आधार घेऊन रिकाम्या जागी पक्का बसवलेला नकली दात. मी होकार देऊनही आले होते. घरी आईने विचारले, "चांगले दात कशाला घासायचे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारचे दोन्ही दात निरोगी होते. त्यांना कधी कीड लागलेली नव्हती. ते उत्तर शोधण्यात माझी जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि मधल्या काळात माझी एक मोठी चूकही झाली. मी दंतवैद्य नाही. एक रुग्ण म्हणून जे शिकले ते क्रमाने मांडते, म्हणजे नागपुरात किंवा आसपास राहणाऱ्या आणि आज त्याच खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला निर्णयाआधी पुरेशी माहिती असेल.

संपूर्ण लेखात एक कसोटी लक्षात ठेवा. दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, एकदा घासले की पुन्हा तयार होत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात. त्यामुळे प्रत्येक पर्यायाबाबत पहिला प्रश्न हा ठेवावा की उद्या हे काढावे लागले तर माझे मूळचे दात जसेच्या तसे राहतील का. ज्या उपचारातून परत फिरता येते तो आधी विचारात घ्यावा आणि ज्यातून फिरता येत नाही तो शेवटी.

१. दात आत्ताच निखळून पडला असेल तर

हा भाग तातडीचा आहे. धक्क्याने पक्का दात मुळासकट बाहेर पडला असेल, तर तो पुन्हा त्याच जागी रुजू शकतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये आणि ते घासून पुसू नये. माती लागली असेल तर काही क्षण दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास लगेच जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावून धरावा. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून दवाखाना गाठावा. पाण्यात ठेवू नये, कारण मुळावरच्या पेशी पाण्यात लवकर मरतात. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो. एक तासाहून अधिक काळ दात कोरडा राहिल्यास तो टिकण्याची शक्यता बरीच घटते. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण त्यामुळे खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

२. निर्णयाआधी तपासणी पूर्ण करून घ्या

रिकामी जागा आरशात दिसते, पण त्या जागेखालचे हाड आणि शेजारच्या दातांची मुळे दिसत नाहीत. निदान त्या भागाचा लहान एक्स-रे निघालाच पाहिजे. इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, विचार असेल तर हाडाची जाडी त्रिमितीत दाखवणारा सीबीसीटी स्कॅन लागतो. दात काढल्यानंतर तेथील हाड झिजू लागते आणि ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते. त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" असे म्हणून नुसती वाट पाहिल्यास पर्याय कमी होत जातात.

तपासणीत आणखी तीन गोष्टी आपण होऊन विचाराव्यात, कारण घाईच्या दवाखान्यात त्या राहून जातात. पहिली म्हणजे दातांची चावण्याची ठेवण. खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोलवर जाऊन टेकत असतील, तर नकली दाताला आधार देणारी पातळ पट्टी, म्हणजे पंख, मागच्या बाजूने चिकटवायला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे झोपेत दात खाण्याची सवय. ती असलेल्यांचा कोणताही चिकटवलेला दात लवकर सुटू शकतो.

तिसरी गोष्ट विदर्भातील वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरी व बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. लहानपणी असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. नकली दात चिकटवण्याआधी इनॅमलवर आम्ल लावतात; अशा इनॅमलवर त्या आम्लाचा परिणाम कमी होतो आणि चिकटवणीची पकड कमकुवत राहू शकते. डॉक्टरांना हे आधी माहीत असले तर ते इनॅमलची तयारी वेगळ्या पद्धतीने करतात. तुमचे बालपण कोणत्या गावात गेले आणि घरी पाणी कशाचे होते, हे न विचारताही सांगा.

३. तात्पुरत्या दाताची सोय दात काढण्याच्या आधीच ठरवा

पुढचा दात नसलेल्या चेहऱ्याने नोकरीवर जाण्याची वेळ आली की माणूस समोर येईल त्या पर्यायाला हो म्हणतो. माझेही तेच झाले. त्यामुळे दात ठरवून काढायचा असेल, तर त्याच दिवशी लावता येईल असा तात्पुरता दात आधी माप देऊन तयार करून घ्यावा. सर्वांत स्वस्त सोय म्हणजे टाळूला बसणारी, काढता-घालता येणारी ॲक्रिलिकची लहान कवळी. दुसरी सोय म्हणजे दातांवर चढणारा पारदर्शक साचा, ज्यात रिकाम्या जागी नकली दात भरलेला असतो. तिसरी सोय फार थोड्या लोकांना माहीत असते: काढलेल्या दाताचे मूळ कापून त्याचाच वरचा भाग काचतंतू आणि काँपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या भरणाच्या) साहाय्याने शेजारच्या दातांना मागून चिकटवता येतो. स्वतःचाच दात असल्याने रंग आणि आकार तंतोतंत जुळतो. दात काढताना तो फेकून न देण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

कवळी वापरत असाल तर ती रात्री काढून पाण्यात ठेवा. ती सतत घातल्यास हिरडी लाल होते आणि शेजारच्या दातांच्या कडेला कीड लागते. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली ॲक्रिलिकची कवळी वाकडी होऊ शकते.

४. पर्याय समजून घ्या, परत फिरता येईल त्या क्रमाने

काढता-घालता येणाऱ्या कवळीत काहीच घासावे लागत नाही, पण तिच्यावर वर्षानुवर्षे राहणे कोणाला आवडत नाही. तारेच्या आकड्याऐवजी हिरडीच्या रंगाची लवचिक पकड असलेली कवळी दिसायला बरी असते, मात्र ती दुरुस्त करणे कठीण असते.

यानंतरचा पर्याय म्हणजे पंखाचा ब्रिज, ज्याला दवाखान्यांत मेरीलँड ब्रिज म्हणतात. माझा भर यावरच आहे. यात नकली दाताला मागच्या बाजूने पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या मागील पृष्ठभागावर चिकटवला जातो. या उपचाराचा पाया १९५५ साली घातला गेला. त्या वर्षी अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावून त्यावर सूक्ष्म खाचा निर्माण करता येतात आणि त्या खाचांत रेझिन, म्हणजे चिकटवणीचे प्लास्टिकसारखे द्रव्य, घट्ट बसते हे दाखवले. १९७३ मध्ये रोशेट यांनी हलणारे खालचे दात एकमेकांना बांधण्यासाठी छिद्रे असलेली धातूची पट्टी अशीच चिकटवली. पुढे मेरीलँड विद्यापीठात धातूचा पृष्ठभागही खरबरीत करण्याची पद्धत विकसित झाली आणि तेच नाव रूढ झाले.

पंखाच्या ब्रिजसाठी दात जवळजवळ घासावा लागत नाही. दातांचे वजन करून केलेल्या २००२ मधील एका अभ्यासात पूर्ण कॅपसाठी दाताच्या दृश्य भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग घासला जातो असे आढळले, तर पंखासारख्या चिकटवलेल्या उपचारांत हे प्रमाण ३ ते ३० टक्के होते. मला दोन निरोगी दातांवर कॅप बसवण्याचा सल्ला मिळाला होता, याचा अर्थ हा आकडा वाचल्यावर नीट उमगला.

आता माझी चूक. दुसऱ्या एका दवाखान्यात मी पंखाचा ब्रिज मागितला आणि तो मिळालाही, पण त्याला दोन्ही बाजूंना एकेक धातूचा पंख होता. दोन आधार म्हणजे दुप्पट मजबुती, असे मीही समजले. प्रत्यक्षात चावताना प्रत्येक दात किंचित आणि आपापल्या दिशेने हलतो; दोन दात एकाच कडक पट्टीने जोडले की त्या ओढाताणीत एका बाजूची चिकटवण सुटते. दुसरी बाजू घट्ट राहिल्याने ब्रिज पडत नाही आणि आपल्याला काहीच कळत नाही. सुटलेल्या पंखाखाली अन्न आणि लाळ साचते, आणि तेथे कीड लागते. माझ्या सुळ्याच्या मागे नेमके हेच घडले. चौदा महिन्यांनी थंड पाणी लागू लागले तेव्हा ते उघडकीस आले.

जर्मनीतील कील येथील मॅथियास केर्न यांनी सिरॅमिकच्या पंखांच्या ब्रिजचा दहा वर्षे मागोवा घेतला. त्यात एका पंखाचे सुमारे ९४ टक्के ब्रिज टिकले, तर दोन पंखांचे सुमारे ७४ टक्के. कारण साधे आहे. एकाच दातावरचा नकली दात त्या दाताबरोबर हलतो आणि चिकटवणीवर कमी ताण येतो. शिवाय तो सुटला तर सरळ हातात येतो, लपून कीड लागू देत नाही. म्हणून पुढच्या एका दाताच्या जागेसाठी ब्रिज करताना "एकच पंख" असे स्पष्ट सांगा. काही ठिकाणी आजही त्यावर आश्चर्य व्यक्त होते; तसे झाल्यास कृत्रिम दंतोपचारातील एमडीएस (पदव्युत्तर पदवी घेतलेल्या) डॉक्टरांचे मत घ्या. पंखाच्या साहित्यातही फरक असतो. धातूचा पंख पातळ दातामागे असला की दात करडा दिसू शकतो, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी मिश्रधातूत निकेल आहे का हे विचारावे. झिर्कोनियाच्या (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या) पंखाने रंग बिघडत नाही, मात्र तो सुमारे ०.७ मिलिमीटर जाड असावा लागतो आणि त्याला चिकटवण्याची पद्धत काटेकोर असावी लागते.

काचतंतू आणि काँपोझिटचा ब्रिज एका बैठकीत, प्रयोगशाळेशिवाय होतो आणि तुटल्यास तोंडातच दुरुस्त करता येतो. तो कालांतराने डागाळतो, म्हणून मी त्याला मधल्या काळाचा पर्याय मानते. किशोरवयीन मुलांसाठी तो फार उपयोगी आहे.

जन्मतःच बाजूची पटाशी नसलेल्या मुलांसाठी तारा लावून सुळा पुढे आणण्याचा पर्यायही असतो. सुळ्याला काँपोझिटने पटाशीचा आकार दिला की नकली दाताची गरजच राहत नाही. यासाठी दंतविन्यास तज्ज्ञाकडे मुलाला लवकर न्यावे.

इम्प्लांटमध्ये शेजारचे दात अस्पर्श राहतात, पण हाडात शस्त्रक्रिया करून टायटॅनियमचा स्क्रू बसवावा लागतो. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला, आणि आज तो भरवशाचा मानला जातो. हाड स्क्रूला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्याआधी पुढच्या दाताचा इम्प्लांट करू नये. नैसर्गिक दात वाढीबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट मात्र हाडात जागचा हलत नाही आणि काही वर्षांनी तो दात आखूड दिसू लागतो. मधुमेह नियंत्रणात नसणे, धूम्रपान, आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे यांमुळे जोखीम वाढते. खर्रा खाणाऱ्यांना येथे स्पष्टपणे सांगायला हवे: खर्र्यातील सुपारी आणि तंबाखूने तोंडाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड कमी उघडू लागते, आणि मग कोणताही दंतोपचार नीट करणे अवघड होते. दात बसवण्याआधी खर्रा सोडणे हा उपचाराचाच भाग समजा.

दोन्ही बाजूंचे दात घासून केलेला नेहमीचा ब्रिज या यादीत शेवटी आहे. शेजारच्या दातांत आधीच बरेच सिमेंट भरलेले असेल किंवा त्यांवर कॅप असतील, तर तो योग्यच ठरतो. निरोगी दातांसाठी मात्र तो शेवटी विचारात घ्यावा.

५. नागपुरात कुठे जावे आणि काय बरोबर न्यावे

मेडिकल चौकाजवळचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय हे दुसरे मत घेण्यासाठी उत्तम ठिकाण आहे. शुल्क शासकीय दराने असते आणि पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. हिंगणा मार्गावर डिगडोह येथे व्ही.एस.पी.एम. दंत महाविद्यालय आणि वानाडोंगरी येथे स्वर्गीय दादासाहेब कळमेघ स्मृती दंत महाविद्यालय आहे. मेट्रोने लोकमान्य नगर या शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन पुढे ऑटो करता येतो. महाविद्यालयांत वेळ अधिक लागतो, फेऱ्याही अधिक होतात. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावे. खासगी दवाखान्यात जायचे असेल, तर डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का ते पाहावे.

बरोबर नेण्याच्या गोष्टी:

• आधार कार्ड आणि जुना केस पेपर
• आतापर्यंतचे सर्व एक्स-रे; मोबाइलवरील छायाचित्राऐवजी मूळ फिल्म किंवा फाइल
• चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या
• मधुमेह असल्यास एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा) अलीकडील अहवाल
• दात जाण्यापूर्वीचा, हसतानाचा एखादा स्पष्ट फोटो. आकार ठरवताना तो फार उपयोगी पडतो
• अपघातात दात गेला असल्यास त्या दिवसाची वैद्यकीय कागदपत्रे, आणि पोलिसांत नोंद झाली असल्यास तिची प्रत

बहुतेक आरोग्य विम्यांत दंतोपचार वगळलेले असतात, परंतु अपघातामुळे झालेल्या इजेसाठी काही विम्यांत सवलत असते. आपल्या पॉलिसीतील ते कलम उपचार सुरू करण्यापूर्वी वाचा, नंतर नाही.

६. उपचाराची योजना लेखी घ्या

खर्चाचा क्रम साधारणपणे काढता येणारी कवळी, मग चिकटवलेला ब्रिज, मग नेहमीचा ब्रिज आणि शेवटी इम्प्लांट असा चढत जातो. इम्प्लांटपेक्षा कमी खर्चाचा म्हणून नेहमीच्या ब्रिजकडे वळताना पुढे लागणारा खर्च मोजा: घासलेल्या दाताची नस पुढे दुखावली तर रूट कॅनल आणि नवी कॅप असा भुर्दंड पडतो. योजनेत पुढील प्रश्नांची उत्तरे असावीत: पंख एक की दोन, आणि कोणत्या दातावर, साहित्य कोणते, दात किती घासणार, तो सुटल्यास पुन्हा चिकटवण्याचे शुल्क किती, आणि तात्पुरता दात खर्चात धरला आहे का. या प्रश्नांवर चिडणारे डॉक्टर मलाही भेटले. शांतपणे कागद काढून चित्र काढून दाखवणारेही भेटले, आणि शेवटी मी त्यांच्याकडेच उपचार घेतला.

७. दात चिकटवण्याच्या दिवशी

रंगाची निवड माप घेण्याच्या दिवशी, सर्वांत आधी करून घ्यावी. तोंड उघडे ठेवून दात कोरडे झाले की ते मूळ रंगापेक्षा पांढरे दिसतात आणि निवड चुकते. खिडकीजवळच्या नैसर्गिक उजेडात, लिपस्टिक न लावता बसावे. घरच्या कोणाला तरी बरोबर न्यावे. माझ्या आईने निवडलेली छटाच अखेर बरोबर ठरली.

चिकटवताना लाळेचा एक थेंबही घात करतो. त्यासाठी दाताभोवती रबरी पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. तो लावणार का, हे आधी विचारा. मग इनॅमलवर फॉस्फोरिक आम्लाचे जेल अर्धा मिनिटापर्यंत ठेवून धुतात, पंखाची आतली बाजू बारीक कणांच्या झोताने खरबरीत केलेली असते, आणि त्यावर रेझिन सिमेंट लावून दात बसवतात. यात काहीच दुखत नाही; मला भूल द्यावी लागली नाही. शेवटी रंगीत कागद चावायला देतात. नुसते तोंड मिटून पाहू नका. जबडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सरकवून पाहा. सरकवताना नकली दातावर खालचा दात जोराने घासत असेल, तर तेथेच दुरुस्ती करून घ्या.

८. नंतरची काळजी आणि सुटण्याची चिन्हे

ऊस, भुट्टा, कडक पेरू आणि सावजी मटणाचे हाड पुढच्या दातांनी तोडू नये. नकली दाताखालून रोज एकदा कडक टोकाचा फ्लॉस (फटी साफ करण्याचा धागा) सुईसारखा ओवून फिरवावा. दात सुटला तर तो धुऊन डबीत ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्यावा. फेविक्विकसारख्या गोंदाने तो घरी चिकटवू नये. गोंदाचा थर बसला की पंख पुन्हा नीट बसत नाही आणि पृष्ठभाग साफ करणे कठीण होते.

ज्यांचा ब्रिज जुना आणि दोन पंखांचा आहे, त्यांनी ही चिन्हे रोज तपासावीत: जिभेने मागून दाबल्यावर बारीक हालचाल, चूळ भरताना एका बाजूने बुडबुडे, सकाळी तिथेच येणारी आंबूस चव, किंवा थंड पाण्याची कळ. यांपैकी एकही चिन्ह असेल तर सहामाही तपासणीची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात जाऊन सुटलेला पंख कापून घेता येतो का, हे विचारा. अनेकदा घट्ट राहिलेल्या एका पंखावर तोच दात पुढे चांगला टिकतो. माझ्या बाबतीत सुळ्याला कीड लागून गेली होती, म्हणून तेथे सिमेंट भरून मधल्या दाताच्या मागे नवा, एकाच पंखाचा झिर्कोनियाचा दात बसवावा लागला. दर सहा महिन्यांनी मी त्याची तपासणी करून घेते, आणि मधला दात आजही न घासलेलाच आहे.